बोकड कुणाच्या हुकमातला

बोलायलोय तो मी, मिशनच्या आवारातला काळा बोकड. इकडंतिकडं बघू नका. दवाखान्याच्या पायरीपाशी खुंट्याला बांधलेला दिसंल, तोच. वय झालंय, दात गेलेत, पण दाढी अशी राखलीय की बिशपसाहेबांनी एकदा माझ्याकडं बघून स्वतःच्या हनुवटीवर हात फिरवला होता.

शिक्षण म्हणाल तर अर्धवट. लहानपणी मालकिणीच्या घरातलं चौथीचं पुस्तक खायला घेतलं. मराठी सगळं झालं, भूगोल निम्मा झाला, आणि तेवढ्यात पाठीत काठी बसली. म्हणून मला महाराष्ट्र कळतो, त्याच्या पलीकडचं जग कळत नाही. आता रोम कुठं आहे हे मला काय ठाऊक? पण माझा निकाल शेवटी तिथंच लागणार, असं शहाणी माणसं बोलतात.

माझा जन्म शिरूर कासारच्या अलीकडच्या माळावर, कडूबाईच्या शेरडांत झाला. जुळ्यातला मी थोरला. धाकटा एका बाजाराला गेला तो परत आला नाही, आणि तो कुठं गेला हे त्या घरात कुणी विचारलंही नाही. रविवारी घरात रस्सा होता, एवढं आठवतं.

कडूबाईच्या कळपात कायदा सोपा होता. काठी एक, हात एक. ओरडली की वळायचं. वरिष्ठ नाही, कनिष्ठ नाही, अपील नाही. मला वाटायचं, सगळ्या जगाचं असंच असतं. मग मला देवाच्या दारात आणून बांधलं आणि कळलं, की काठ्या पुष्कळ असल्या म्हणजे बोकडाची चैन असते.

झालं असं. कडूबाईची सून रोहिणी बाळंतपणात अडली. जीप मिळेना. मिशनच्या दवाखान्यातली सिस्टर टेक्ला रान तुडवत आली. ही बाई मूळची वसईकडची. पोरवयात इकडं आली, तिकडची मराठी तिकडंच ठेवली आणि आमची उचलली. हात कोपरापर्यंत धुऊन ती कामाला लागली. इकडं कडूबाई दाराआड उभी राहून पुटपुटली, "बाई, माजी सून मोकळी होऊ दे. तुज्या देवाला बोकड."

सिस्टरला ऐकूच आलं नाही. मला आलं. कळपात बोकड एकच उरला होता.

पोरगी झाली. ईश्वरी नाव ठेवलं. बाळंतिणीचं न्हाणं झालं आणि कडूबाईनं माझ्या कपाळाला हळद-कुंकू फासून, गळ्यात झेंडूची माळ घालून मला मिशनमध्ये आणलं. माळ मी वाटेतच खाल्ली.

"हे काय आणलंय, कडूबाई?" सिस्टर टेक्ला म्हणाली.

"नवस. तुमच्या देवाचा."

"आमच्या देवाला बोकड लागत न्हाई गं."

"मग काय लागतं? कोंबडं?"

"काहीच लागत न्हाई."

कडूबाईनं चर्चच्या मनोऱ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "काहीच लागत न्हाई, अन् घर एवढं मोठं कावून?"

सिस्टरला हसू आवरेना. कडूबाईला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "कापा, पाळा, काय बी करा. देवाला दिलेलं माघारी न्यायची आमच्यात रीत न्हाई," म्हणाली, आणि दावं पायरीच्या खुंट्याला बांधून चालती झाली.

इथून घोळ सुरू झाला.

सिस्टर लोकांची तीन व्रतं असतात. पहिलं गरिबीचं. स्वतःच्या मालकीचं काही ठेवायचं नाही. ते मीही पाळतो. गळ्यातलं दावंसुद्धा माझं नाही. दुसरं आज्ञेचं. वरच्यानं सांगितलं की उठायचं, वरच्यानं सांगितलं की बसायचं. तिसऱ्याचं मला विचारू नका, मी बोकड आहे.

त्या घराची कारभारीण सुपिरियर सिस्टर रोसलिन. केरळची. मराठी एकदम शुद्ध, मी खाल्लेल्या पुस्तकातल्यासारखी. ती बाहेर आली, मला बघितलं आणि म्हणाली, "सिस्टर, तुम्हाला मिळालेली भेट तुमची नसते. हा बोकड आपल्या मंडळाचा."

"मंडळाचा तर मंडळाचा," टेक्लाबाई म्हणाली. "पाला मी घालीन."

पलीकडं फादर ग्रेगरी फुलझाडांना पाणी घालत होते. त्यांनी झारी खाली ठेवली. "सिस्टर, नवस देवाला बोलला होता ना? मग बोकड चर्चचा झाला."

म्हणजे बघा. ज्या देवाला बोकड लागत नव्हता, त्याच्या घरी एका बोकडाचे दोन वारस निघाले.

तुम्हाला आवार दिसतं एक, पण त्यात हद्दी दोन आहेत. चर्च, फादरचा बंगला आणि फुलबाग बिशपसाहेबांच्या अमलाखालची. सिस्टरांचं घर आणि दवाखाना त्यांच्या मंडळाचा. मध्ये भिंत नाही, चुन्याची एक रेघ होती, ती जाऊन येऊन पुसली. माझा खुंटा बरोब्बर त्या रेघेवर. खायचं बिशपसाहेबांच्या हद्दीत, लेंड्या मंडळाच्या हद्दीत. असा सलोखा मी बरीच वर्षं राखला.

टेक्लाबाईच्या वर रोसलिनबाई. तिच्या वर प्रोव्हिन्शियल, म्हणजे मंडळाची आपल्या भागातली मुख्य मदर. तिच्या वर परमुलखातली सगळ्यात थोरली मदर. दुसऱ्या अंगानं फादरच्या वर बिशपसाहेब. आणि दोन्ही शिड्या वर जाऊन रोमला टेकतात. खाली मात्र एकीचा माणूस दुसरीवर पाय ठेवत नाही. बिशपसाहेब मंडळाच्या घरातल्या कारभारात बोलत नाहीत, मंडळ चर्चच्या कारभारात बोलत नाही. सगळे एकमेकांना वाकून नमस्कार करतात आणि सगळे एकमेकांवर डोळा ठेवतात. आमच्याकडं सख्ख्या भावांच्या बांधावर असंच असतं. तिथं नमस्कार नसतो एवढंच.

एकदा सणाच्या आदल्या दिवशी मी फादरची सगळी शेवंती खाल्ली. वेदीवर वाहायची होती. मी म्हटलं, देवाच्या वस्तूनं देवाची वस्तू खाल्ली, त्यात तिऱ्हाइताचं काय गेलं? पण फादर लालबुंद होऊन आले.

"सिस्टर रोसलिन, हा बोकड इथून हलवा."

"फादर, आमच्या घरातल्या गोष्टीत तुम्ही पडू नये."

"तो घरात कुठाय? माझ्या बागेत आहे."

"त्या दिवशी तुम्हीच म्हणत होता, बोकड चर्चचा. मग चर्चच्या बोकडानं चर्चची फुलं खाल्ली. आमच्याकडं कशाला आलात?"

फादरनी माझ्या तोंडातला देठ ओढून घेतला. मग म्हणाले, "फुलं खाताना तो मंडळाचा असतो."

गोष्ट बिशपसाहेबांपर्यंत गेली. साहेब भला माणूस. त्यांनी सांगितलं, बोकड ही सिस्टरांची अंतर्गत बाब आहे, त्यात मी हात घालणार नाही. फुलांची मात्र काळजी घ्यावी. असा निकाल द्यायला फार शिकावं लागतं.

सिस्टर टेक्ला ह्या सगळ्यात काही बोलायची नाही. सकाळी प्रार्थना, मग दवाखाना, मग मला पाला. प्रार्थनेच्या मध्येच कुणी विंचू चावलेला आला तर उठून जायची. रोसलिनबाईला ते खटकायचं. त्यांच्या मंडळात सिस्टर लोकांच्या बदल्या होत राहतात, पण टेक्लाबाईची झाली नव्हती. भक्ती-बिक्ती कारण नाही. आमच्या कोरड्या मुलखात यायला दुसरी कुणी तयार नव्हती.

मग नवी प्रोव्हिन्शियल आली, मदर कॉन्सेप्टा. ती व्हिजिटेशनला आली, म्हणजे तपासणीला. झेडपीच्या शाळेत साहेब येतात तसंच. फक्त ह्या साहेब आल्या आल्या आधी गुडघे टेकतात, मग कपाटं उघडतात.

ह्या तपासणीत प्रत्येक सिस्टरनं मदरला एकटीनं भेटायचं आणि विचारलेल्याला खरं उत्तर द्यायचं. कोण काय बोललं, हे दुसरीनं विचारायचं नाही. फार मोठी गुप्तता. भेटीची खोली दवाखान्याच्या बाजूची, तिच्या खिडकीखाली मी. माझी गुप्तता अशी, की मी ऐकलेलं रवंथ केल्याशिवाय बाहेर काढत नाही.

रोसलिनबाई आत गेली. खोटं बोलली नाही. म्हणाली, "सिस्टर टेक्ला कष्टाळू आहे. पण गाव तिला सोडत नाही आणि ती गावाला सोडत नाही. शिवाय तो बोकड."

मग टेक्लाबाई गेली.

"सिस्टर, तुमचं वय झालं. इथून दुसऱ्या घरी जायला सांगितलं तर?" मदरनं विचारलं.

आता तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? "माझी कधीही तयारी आहे, मदर." असं म्हटलं असतं तर ती तिथंच राहिली असती, ह्यावर मी माझी दाढी लावतो. पण खरं बोलायचं बंधन.

"जाईन की. पण लई जड जाईल, मदर. इथं जीव गुतलाय."

ह्या लोकांत जीव गुंतणं हा दुखण्याचा प्रकार आहे आणि त्यावर औषध एकच, बदली. सिस्टरनं खुंट्यासारखं असावं. उपटलं तिथून निघावं, ठोकलं तिथं उभं राहावं. मुळ्या फुटल्या की घोटाळा.

टेक्लाबाईच्या बदलीची कुणकुण गावात दुपारपर्यंत पोचली. मी पोचवली नाही, मला बांधलेलं होतं. पण फादर ग्रेगरींना बांधलेलं नव्हतं.

आमचे किराणावाले कल्याणराव लगेच उठले. गळ्यात लिंग, खिशात तीन पेनं. ग्रामसेवकाची बदली ह्या माणसानं दोनदा थांबवलेली. म्हणाले, "बदली म्हंजे काय हाय? माणसं जमवायची, शाल-नारळ घ्यायचा, साहेबाला सांगायचं की ह्या माणसाबिगर गावाचं हालतच न्हाई. साहेब घाबरतो."

तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव मिशनच्या ओट्यावर. मदर कॉन्सेप्टा मधोमध खुर्चीवर. कल्याणरावांनी शाल दिली, नारळ दिला आणि सुरू केलं.

"मदरसाहेब, ह्या बाईचा शब्द म्हंजे गावात शेवटचा शब्द. आमी सरपंचाचं ऐकत न्हाई, हिचं ऐकतो."

मदरनी मान डोलावली.

"निम्म्या गावाच्या नाळी हिनं कापल्यात," कडूबाई म्हणाली. "आमची हाय ती. घरच्यासारखी न्हाई बगा, घरचीच."

मदरनी पुन्हा मान डोलावली.

"हिनं बी आमच्यापायी प्रार्थना सोडलीय किती येळा," मागून सटवा म्हणाला. हा कडूबाईचा लेक. ह्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

टेक्लाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं डोळे मिटले. इकडं कल्याणराव खुशीत होते, कारण सरकारी साहेब मान डोलावतो तेव्हा काम होतं. इथंही काम होत होतं. गाव एकेक गुन्हा कबूल करत होतं, आणि शाल आधीच न्यायाधीशाला देऊन बसलं होतं.

एवढ्यावर थांबतील तर कल्याणराव कसले. त्यांनी जीप केली आणि चौघांना घेऊन थेट बिशपसाहेबांकडं गेले. परत आल्यावर माझ्या खुंट्यापाशी बसून कडूबाईला सांगत होते.

"साहेबांनी चहा दिला. बिस्किटं दिली. म्हणले, कल्याणराव, माझ्या परवानगीबिगर सिस्टर लोकांना माझ्या भागात घर उघडता येत न्हाई. पण एकदा उघडलं की आत कोण ऱ्हायचं, हे मी सांगू शकत न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे दार त्यांचं, खोल्या मंडळाच्या."

"मग एवढं दात काढायला काय झालं तुमाला?"

"फोन करतो म्हणले. मदरला. एक शब्द टाकतो म्हणले. बिशपाचा शब्द हाय, कडूबाई. कलेक्टरसारखा माणूस."

तो फोन झाला आणि उरलीसुरली आशा संपली. साहेबांनी गोड बोलूनच सांगितलं असणार. पण मदर कॉन्सेप्टाला वाटलं, आज हे एका सिस्टरसाठी शब्द टाकतात, उद्या सुपिरियर कोण हेही सांगतील. मंडळ कुणाच्या हुकमात आहे, हे दाखवून द्यायची हीच वेळ. बदली आधी मनात होती, फोननंतर ती तत्त्व झाली. आणि तत्त्व झालं की माणसाचं वय कुणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, बदलीचा हुकूम आला तेव्हा तू बोकड असून काय करत होतास, चावून टाकायचास. मीही तयारीत होतो. जबडा मोकळा करून बसलो होतो. पण हुकूम आला रोसलिनबाईच्या मोबाइलवर. तो खायची युक्ती अजून आमच्या जातीत निघालेली नाही.

टेक्लाबाईनं ऐकलं आणि विचारलं, "कुठं?"

"कोल्हापूरच्या बाजूला. साखर कारखान्याजवळ आपलं एक घर आहे," रोसलिनबाई म्हणाली. मग तिची शुद्ध मराठी जरा अडखळली. "मी... एवढं लांब होईल असं मला वाटलं नव्हतं, सिस्टर."

"लांब काय अन् जवळ काय," टेक्लाबाई म्हणाली. "पाठवलं तिकडं जायचं."

एक पिशवी भरली. त्यातही निम्मी मलमपट्टी. कडूबाई सकाळीच येऊन पायरीवर बसली होती.

"तू न्हाई म्हण की," कडूबाई म्हणाली. "हातपाय बांधून थोडंच नेत्यात?"

"मी सोळा-सतरा वर्षांची असताना हो म्हणलंय, कडूबाई. तवा कुणी बांधलं नव्हतं."

"तवाचं हो आता कावून चालवायलीस?"

"तुजं लगीन झालं तवा किती वर्षांची होतीस?"

कडूबाईनं पिशवीचा बंद आवळला. मग म्हणाली, "माजा नवरा तरी गेला. तुजा देव काय मरत न्हाई."

टेक्लाबाई इतकी हसली की डोळ्याला पदर लावायची पाळी आली, आणि पदर नव्हता म्हणून बाहीनं पुसलं. मग माझ्यापाशी आली. माझ्या कानामागं खाजवलं. मी तिच्या पिशवीचा बंद चावायला बघितला, तिनं सवयीनं थापड मारली. एसटीला बसवायला सगळं गाव फाट्यावर गेलं. मला कुणी नेलं नाही. मला हलवायचं तर परवानगी लागते.

दवाखान्यात नवी सिस्टर आली. चांगली आहे, हुशार आहे. नाव विचारून औषध देते. टेक्लाबाई औषध देऊन मग सासूचं नाव विचारायची, एवढाच फरक.

पुढं जे झालं ते मला कडूबाईनं सांगितलं, उन्हाळ्यात परत आल्यावर. तिला दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं असं नाही, पण ती म्हणते, बोकड मध्ये बोलत नाही.

दसरा झाला की आमचं निम्मं गाव ट्रकात बसतं आणि ऊस तोडायला जातं. सटवा आणि रोहिणीची जोडी कोयत्याला, लेकरं सांभाळायला कडूबाई. मुकादम ठरलेला, टोळी ठरलेली, कारखानाही दरसाल ठरलेला. मदर कॉन्सेप्टाला रोमची वाट तोंडपाठ असेल. पण शिरूर कासारचा माणूस दिवाळीला कुठं असतो, हे तिला माहीत नव्हतं. माणसापासून गाव तोडायचं म्हणून लांबात लांबचं घर शोधलं, आणि तिला नेमकं आमच्या टोळीच्या फडाशेजारी नेऊन ठेवलं.

टेक्लाबाईला नाव ऐकताक्षणीच कळलं असणार. इतकी वर्षं त्या कारखान्याहून आलेली दुखणी तिनंच तपासली होती. पण मदरनं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. विचारलेल्याला खरं उत्तर द्यायचं, एवढंच बंधन आहे; न विचारलेलं सांगायचं व्रत कुणी घेतलेलं नाही. ही बाई माझ्या सहवासात वाया गेली नव्हती तर.

पौषात मदर कॉन्सेप्टा त्या घराच्या तपासणीला गेली. कुंपणापलीकडं उसाच्या पाचटाच्या कोप्यांची, म्हणजे टोळीच्या खोपटांची रांग. कुंपणाला एक भगदाड. त्यातून बाया ये-जा करतायत, आणि घराच्या पायरीवर कडूबाई ईश्वरीच्या डोक्यातल्या उवा बघत बसलेली. कडूबाईनं मदरला ओळखलं आणि बसल्या जागेवरून रामराम घातला.

मदरनं टेक्लाबाईला बाजूला घेतलं. पण कडूबाईचे कान शेरडं राखून तयार झालेले.

"सिस्टर, हे कोण लोक?"

"गाव हाय, मदर."

"कुठलं गाव?"

"तुमी सोडायला सांगितलेलं."

मदरनं कुंपणाच्या भगदाडाकडं बघितलं. मग म्हणाली, "मी तुम्हाला ते सोडायला सांगितलं होतं ना?"

"सोडलं की. एक पिशवी घेऊन आले, माघारी वळून बघितलं न्हाई," टेक्लाबाई म्हणाली. "आज्ञेचं व्रत मी घेतलंय, मदर. गावानं कुठं घेतलंय?"

कडूबाई सांगते, त्या वेळी मदरनं मान डोलावली नाही. मग जेवायला कोण कोण आहे, असं विचारलं.

आता पुन्हा दसरा झालाय. ट्रक भरायलेत. कोयते, पत्र्याच्या पेट्या, पोरं, एक सायकल. मी खुंट्यावरून बघतोय. फादर म्हणतात, बोकड म्हातारा झाला, सोडवा एकदाचा. रोसलिनबाई म्हणते, मदरना विचारते. मदर म्हणते, नवसाचा मामला आहे, बिशपसाहेबांचं मत घ्या. बिशपसाहेब म्हणतात, सिस्टरांची अंतर्गत बाब आहे.

तर जाणाऱ्या बाप्यांनो, बायांनो, माझी एवढी विनंती. टेक्लाबाई भेटली की सांगा, पाला वेळेवर मिळतो, पण कानामागं खाजवत कुणी नाही. आणि काळजी करू नको म्हणावं. तुला हलवायला एक फोन पुरला; मला कापायचा हक्क कुणाचा, हे ठरवायला त्या सगळ्यांना एका जागी बसावं लागंल. ते बसत नाहीत, तोवर मी आहे.